आवाजाची सवत

वहिनींना पाहिलेली माणसं शहरात थोडीच होती; ऐकलेली मात्र सगळीच. बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेच्या एका अरुंद खोलीत बसून त्या वर्षानुवर्षं घोषणा करत आल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कोणाचं पाकीट सापडलं, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे. आवाज असा, की गाडी चुकलेल्या माणसालाही वाटावं, जाऊ दे, पुढची मिळेल. त्यांचे यजमान त्याच स्थानकावर ड्रायव्हर. त्यामुळे झाडून सगळे ड्रायव्हर आणि कंडक्टर त्यांचे दीर झाले आणि त्या सगळ्यांच्या वहिनी. पुढे कँटीनवाल्यापासून स्थानकप्रमुखांपर्यंत जो तो वहिनीच म्हणू लागला आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

मग आवाज बसला. आधी वाटलं सर्दी असेल. गरम पाणी झालं, गुळण्या झाल्या, शेजारपाजारच्या सगळ्यांचे सल्ले झाले. शेवटी घशाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आल्यात, काढाव्या लागतील. गाठी साध्याच निघाल्या. जिवावरचं बोटावर निभावलं म्हणतात; वहिनींचं घशावर निभावलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आता काही आठवडे एक शब्दसुद्धा बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, आणि त्यानंतर जो येईल तो आवाज आपला म्हणायचा.

जो आला तो वाळक्या पानांवरून कोणी अनवाणी जावं तसा होता. हळू, खरखरीत, मध्येच विरून जाणारा. समोरच्या माणसाला मान पुढे करून ऐकावं लागे.

गंमत अशी की आवाज बसण्याच्या आधीच स्थानकात नवीन यंत्र आलं होतं. स्थानकप्रमुखांनी वहिनींकडून सगळे शब्द एकेक करून बोलून घेतले होते: गावांची नावं, आकडे, 'येईल', 'सुटेल', 'उशिरा', 'रद्द', 'कृपया'. यंत्र त्यांना हवं तसं जोडून वाक्य करी. तेव्हा वहिनींना वाटलं होतं, बरं झालं, रजा घेता येईल. आता त्यांना खालच्या मजल्यावर सापडलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं आणि त्यांचा आवाज मात्र वरच राहिला. वहिनींची बदली झाली, आवाजाची झाली नाही.

सापडलेल्या सामानाच्या खोलीत दिवसभर अर्धवट उजेड असे. वरच्या झरोक्यातून एक पट्टा यायचा आणि सकाळभर फळ्यांवरून सरकत राहायचा. त्या पट्ट्यात एकेक वस्तू जागी होई. छत्र्या, चष्मे, एकाच पायाचा बूट, कोणाची तरी बासरी, एक रिकामा पिंजरा. वहिनी त्यांच्याकडे पाहत बसायच्या. बाहेर कर्ण्यातून त्यांचाच आवाज, स्वच्छ, तरुण, कुठल्यातरी गावाला जाणाऱ्या गाडीबद्दल सांगत असायचा. कधीकधी त्यांना असं वाटे, की आपणही इथे कोणीतरी विसरून गेलेली वस्तू आहोत आणि मालक वर खोलीत बसलाय. हा विचार दुःखाचा होता असं नाही. तो नुसताच यायचा, उजेडाच्या पट्ट्यासारखा, आणि सरकून जायचा.

मुक्या राहण्याच्या त्या आठवड्यांत घरात एका माणसाची मात्र चंगळ झाली. तो म्हणजे त्यांचा धाकटा दीर. भाऊजी फ्रिज दुरुस्त करायचे. घराच्या खालच्या गाळ्यात त्यांचं दुकान. दारातच उघडे पडलेले फ्रिज, त्यांच्या पोटातल्या नळ्या बाहेर, जणू दवाखान्यातले रोगी. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायचे, वेळ कुठे मिळतो? तो वेळ कुठे जातो हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. तो जात होता न घडलेल्या जगांच्या गोष्टी लिहिण्यात. अवकाशातली शहरं, उलटी वाहणारी नदी, माणसांची सावली सांभाळणारी दुकानं. मासिकांकडे पाठवल्या की त्या इमानेइतबारे परत यायच्या.

मुक्या वहिनी म्हणजे भाऊजींना घरबसल्या सापडलेला श्रोता. मध्ये बोलणार नाही, चहा टाकायला उठणार नाही, "छान आहे हं" म्हणून विषय बदलणार नाही. ते शेजारी स्टूल घेऊन वाचायला बसले. वहिनींच्या हातात पाटी असायची. पहिल्या गोष्टीनंतर त्यांनी पाटीवर लिहिलं: "मग?" भाऊजींना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच दुसरी काढली. हळूहळू पाटीवर "मग?"च्या जोडीला "का?" आलं, आणि एकदा तर "ही बाई असं वागणार नाही" एवढं मोठं वाक्य आलं. भाऊजी दोन दिवस फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी ती बाई बदलून आणली.

पण भाऊजींचं वाचणं म्हणजे दिव्य होतं. पृथ्वीचा शेवट आणि कॉम्प्रेसरची वॉरंटी त्यांच्या तोंडून एकाच सुरात यायची. म्हणून बोलायची परवानगी मिळाल्यावर वहिनींनी पहिलं काम काय केलं असेल, तर त्यांच्या हातातले कागद काढून घेतले आणि स्वतः वाचायला लागल्या. गोष्ट एका गावाची होती. त्या गावात प्रतिध्वनी आधी येतो आणि हाक नंतर. वहिनींच्या फाटक्या आवाजात ते गाव खोलीत उतरलं. सासूबाई पलीकडे मटार सोलत होत्या, त्यांचे हात थांबले. भाऊजींनी गुपचूप मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्ड करून घेतलं.

मग वहिनींनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ही कोण बाई, असं त्यांनी विचारलं. पुसून टाका म्हणाल्या. भाऊजी एरवी वहिनींच्या शब्दाबाहेर नसत, पण या वेळी त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

"वहिनी, तुमच्या जुन्या आवाजात हे वाचलं असतं ना," ते म्हणाले, "तर ऐकणारा पिशवी उचलून फलाटाकडे निघाला असता. ह्या आवाजात माणूस बसून राहतो."

वहिनींनी पुन्हा पुसायला लावलं नाही, एवढं खरं.

त्यातून मोबाइलवर ऐकायचा 'जर-तर' हा पॉडकास्ट सुरू झाला. नाव सासूबाईंचं. हे दोघं कुठल्या कामाला लागलेत, असं शेजारणीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "काही नाही गं, दुपारभर जर-तर करत बसतात." भाऊजींना ते नाव तिथल्या तिथे पटलं. पॉडकास्टचा आराखडा साधा होता. आधी एक गोष्ट, वहिनी सांगणार. मग दोघांची गप्पांची बैठक नव्हे, तर ती गोष्ट कशी लिहिली त्याची झाडाझडती: काय जमलं नाही, कुठे फसलं, ऐकताना काय होतं आणि वाचताना काय.

भाऊजींचा एक नियम होता आणि तो ते प्रत्येक भागात सांगत. एका गोष्टीत अशक्य असं एकच. बाकी सगळं नळाच्या पाण्याइतकं खरं पाहिजे. माणूस उडाला तर उडू द्या, पण उडताना त्याच्या शर्टाचं बटण सुटलंच पाहिजे. वहिनींचं म्हणणं वेगळंच. त्या म्हणत, लिहिलेली गोष्ट डोळ्यांना धरून चालते, ऐकलेली गोष्ट डोळ्यांना रजा देते. म्हणून ऐकायच्या गोष्टीत थांबायचं कुठे हे आधी ठरवावं, बोलायचं काय ते नंतर. घोषणा करताना त्यांना थांबायची सोय नव्हती, प्रवासी घाबरतात. इथे मात्र त्या मनसोक्त थांबायच्या. पहिल्यांदा एवढा वेळ थांबल्या की भाऊजींना वाटलं यंत्रच बंद पडलं.

रेकॉर्डिंग आतल्या खोलीत व्हायचं. कपड्यांची दोन कपाटं उघडून त्यांच्या दारांवर गोधड्या टाकायच्या आणि मधल्या फटीत दोन स्टुलं. आत शिरलं की जग बंद. स्वतःच्या श्वासाचा आवाज मोठा होई आणि बाकी सगळं खूप लांब, कापसाच्या पलीकडे. वहिनींना ती फट फार आवडायची. बाहेर दुपारचं ऊन असे आणि आत कायम संधिकाळ. त्या म्हणायच्या, इथे बसलं की बोलावंच लागत नाही, गोष्ट आपोआप तोंडाशी येते.

अवकाशयानाचा आवाज दुकानातल्या जुन्या फ्रिजकडून घेतला होता. "आमच्या यानात मागच्याच महिन्यात गॅस भरलाय," असं भाऊजींनी एका भागात सांगूनही टाकलं. पण घरातला चालू फ्रिज मात्र त्या वेळी शत्रू. तो बंद करायचा आणि नंतर चालू करायला विसरायचं, हे ठरलेलं. फ्रिजवाल्याच्या घरात दूध नासतं म्हणून सासूबाईंनी कितीदा डोकं धरलं. पंखा बंद, कुकर बंद, दाराची कडी वाजवायची नाही. एकदा वहिनींचे यजमान, म्हणजे भाऊजींचे दादा, ड्युटी संपवून अवेळी घरी आले आणि नेमके शिंकले. चंद्रावरच्या एकाकी म्हाताऱ्याची गोष्ट चालली होती, त्या चंद्रावर शिंक ऐकू आली. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दादा काही बोलले नाहीत. ते एरवीही फारसं बोलत नसत. बायको कर्ण्यातून गावाशी बोलायची तेव्हाही नाही, आणि आता तर नाहीच.

सासूबाईही हळूच सामील झाल्या. प्रतिध्वनीच्या गावाची गोष्ट पुन्हा नीट रेकॉर्ड करायचं ठरलं तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, "त्या गावात मूल रडायच्या आधीच आई धावत असेल." भाऊजींनी पेन काढलं. तेव्हापासून प्रत्येक भागात "आईची शंका" म्हणून पाच मिनिटं त्यांची झाली. सावल्या सांभाळणाऱ्या दुकानाबद्दल त्यांनी विचारलं, सावली परत घ्यायला कोणी आलंच नाही तर तिचं काय करतात? त्यावर भाऊजी एक आठवडा गप्प होते आणि मग त्यांनी आतापर्यंतची सगळ्यात चांगली गोष्ट लिहिली.

ऐकणारी मंडळी फार नव्हती, पण जी होती ती मायाळू. कोणी रिक्षा चालवणारा लिहायचा की उताराला लागलो की तुमचा आवाज ऐकतो. कोणी मुलगी लिहायची की मीही अशा गोष्टी लिहिते, पण घरी सांगितलं नाही. वहिनी प्रत्येकाला उत्तर बोलून पाठवायच्या. सापडलेल्या सामानाच्या खिडकीवर बसल्या बसल्या आता त्यांच्या मनात जगं तयार होऊ लागली होती. तो रिकामा पिंजरा, त्यातला पक्षी कुठल्या गाडीने गेला असेल? ती बासरी फुंकणाऱ्याला आपला सूर विसरल्याचं कुठल्या थांब्यावर कळलं असेल? पण लिहिणं भाऊजींचं काम, आपलं सांगणं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

एक दिवस दुपारी त्या घरी पोहोचल्या आणि लक्षात आलं, चष्मा खिडकीवरच राहिला. लोकांचे चष्मे सांभाळणारी बाई स्वतःचा विसरली म्हणून त्या स्वतःशीच हसत परत निघाल्या. स्थानकात शिरल्या आणि पाच नंबरच्या फलाटापाशी थबकल्या. तिथल्या बाकावर, बरोबर कर्ण्याच्या खाली, दादा बसले होते. गणवेशाची टोपी मांडीवर. डोळे मिटलेले. डोक्यावरून वहिनींचा आवाज चालला होता, तोच जुना, दुधासारखा: प्रवाशांनी कृपया प्रतीक्षा करावी.

आणि ते करत होते.

वहिनी चष्मा न घेताच परतल्या. त्या दिवशी दादा उशिरा आले आणि गाडी लेट होती म्हणाले. दुसऱ्या दिवशी वहिनी मुद्दाम खिडकी बंद करून खांबाआड उभ्या राहिल्या. पुन्हा तेच बाक, तेच मिटलेले डोळे. त्या आठवड्यात त्यांनी जेव्हा जेव्हा पाहिलं तेव्हा दादा तिथेच. खांबाच्या सावलीत उभं राहून त्यांना एखाद्या स्वप्नात असल्यासारखं व्हायचं. आपण इथे आहोत, आणि आपणच वर आहोत, आणि आपला नवरा आपल्याला ऐकतोय, आणि ती आपण नाही.

कोणाला सांगावं? परक्या बाईच्या घरी सापडला असता तर मैत्रिणींत बसून रडता तरी आलं असतं. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, तूच ना ती? शेवटी त्या फटीत, गोधड्यांच्या मध्ये, यंत्र सुरू व्हायच्या आधी त्यांनी भाऊजींना सांगितलं.

"माझीच मला सवत झाली हो, भाऊजी."

भाऊजी आधी हसले. मग वहिनींचा चेहरा पाहून हसणं गिळलं. बराच वेळ ते स्टुलावर बसून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिले. मग म्हणाले, हे तुम्ही लिहा. वहिनी म्हणाल्या, मला कुठे लिहिता येतं, आणि तुमचा नियम आहे एकच अशक्य, इथे तर अशक्य काहीच नाही, सगळं घडलेलंच आहे. भाऊजी म्हणाले, तेच तर. आम्ही लोक आधी अशक्य शोधतो आणि मग त्याला खऱ्याचे कपडे शिवतो. तुमच्याकडे अशक्य आयतं चालून आलंय, नोकरीवर आहे, पगारही घेत नाही.

वहिनींनी आठवडाभर काही लिहिलं नाही. मग एका सकाळी सापडलेल्या सामानाच्या खिडकीवर, उजेडाचा पट्टा पिंजऱ्यावर आलेला असताना, त्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर सुरुवात केली. गोष्ट अशी: एका बाईचा आवाज घर सोडून जातो आणि बसस्थानकावर नोकरीला लागतो. बाई त्याला भेटायला जाते. आवाज ओळख देतो, पण त्याच्याकडे नोकरीपुरतेच शब्द असतात. बाईने काहीही विचारलं तरी त्याला त्याच शब्दांतून उत्तर द्यावं लागतं.

वहिनींनी फक्त प्रश्न लिहिले. उत्तरं त्यांनी लिहायची नाहीत असं ठरवलं, ती शोधायची. त्या स्वतः स्थानकप्रमुखांकडे गेल्या आणि आपल्याच शब्दांची प्रत मागितली. साहेबांना आधी काही कळेना, मग ते म्हणाले, तुमचंच आहे की वहिनी, विचारता काय, आणि भाग निघाला की मलाही पाठवा. भाऊजींनी सगळे शब्द लॅपटॉपवर मांडले. प्रत्येक शब्दाला एक चौकोन. चौकोन दाबला की जुन्या वहिनी एक शब्द बोलून गप्प.

दोन दुपारी ते दोघं त्या शब्दांच्या राशीत उत्तरं शोधत राहिले. सासूबाई दाराशी बसून हवं-नको सांगायच्या. काही उत्तरं अशी मिळाली की तिघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग वहिनी फटीत शिरल्या, भाऊजींनी गोधडी ओढून घेतली, आणि त्या विचारू लागल्या. त्यांचा आवाज खरखरीत, अंधारातून वाट काढत येणारा. समोरून येणारा स्वच्छ.

"कशी आहेस?"

"अर्धा तास. उशिरा."

"माझी आठवण येते?"

"दररोज. सकाळी. सहा."

"घरी येतेस का?"

"ही गाडी. रद्द. करण्यात आली आहे."

वहिनी इथे थांबल्या. कागदावर थांबायचं लिहिलेलं नव्हतं. भाऊजींनी चौकोनावरचं बोट उचललं आणि वाट पाहिली.

"तो तुझ्यापाशी येऊन बसतो. काय ऐकतो तो?"

ह्याचं उत्तर त्यांना राशीत सापडलं नव्हतं. खूप शोधलं होतं. शेवटी एकच राहिलं होतं.

"माहिती. उपलब्ध नाही."

"मग मी जाऊ?"

"सुटण्याच्या. तयारीत आहे." आणि मग, कुठल्याशा जुन्या सूचनेच्या शेपटातून कापलेलं, "काळजी घ्यावी."

वहिनी गोधडी बाजूला करून बाहेर आल्या तेव्हा सासूबाई डोळ्यांना पदर लावत होत्या आणि भाऊजी उगाचच फ्रिज चालू करायला गेले होते. त्या दिवशी पहिल्यांदा दूध नासलं नाही.

भाग निघाला. शेवटच्या झाडाझडतीत भाऊजींनी विचारलं की बाईने आवाजाला ओढून घरी का आणलं नाही, गोष्ट तुमच्या हातात होती. वहिनी म्हणाल्या, त्याची नोकरी आहे, लोकांच्या गाड्या चुकतील. हे त्यांनी विनोदाने म्हटलं की खरोखर, ते ऐकणाऱ्यांनाही ठरवता आलं नाही. रिक्षावाल्याने लिहिलं की उताराला गाडी कडेला लावून ऐकलं. त्या मुलीने लिहिलं की आज घरी सांगितलं.

दादांना पॉडकास्ट वगैरे लावता येत नसे. पण स्थानकाच्या कँटीनमध्ये एका कंडक्टरने तो भाग मोबाइलवर मोठ्याने लावला आणि दादा समोर चहा पीत होते. चहा तसाच टाकून ते उठले, असं नंतर कँटीनवाल्याने सांगितलं. त्या दुपारी ते बाकावर थांबले नाहीत. सरळ घरी आले. वहिनी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या होत्या. दादा दारात उभे राहिले, टोपी हातात.

"गोष्टीतला तो, पाच नंबरच्या बाकावरचा, मीच ना?"

वहिनींनी नळ बंद केला.

"पहिल्यांदा ऐकायलाच बसायचो," दादा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? तू घरी बोलत नव्हतीस. पाटीवर लिहायचीस, तेही धाकट्यासाठी. मला वाटायचं, आता हाच काय तो आवाज उरला."

"आणि मग?"

"मग तुमचं हे सुरू झालं. मी आलो की दार वाजतं. शिंकलो त्या दिवशी अख्खा चंद्र पुन्हा करायला लागला तुम्हाला. म्हटलं, तुमचं होईपर्यंत कुठेतरी बसावं. तिथे वारा येतो."

"डोळे मिटून?"

"झोपायचो की. पहाटेची ड्युटी असते."

वहिनींना हसावं की रडावं कळेना. इतके दिवस खांबाआड उभं राहून ज्या प्रियकराकडे पाहिलं, तो ड्युटीवरून आलेला दमलेला माणूस होता आणि झोपलेला होता. पण एक प्रश्न राहिलाच होता. तो त्यांनी गोष्टीतही आवाजाला विचारला नव्हता.

"हा आवाज कसा वाटतो तुम्हाला?"

दादांनी विचार केला. ते विचार करायला लागले की चेहरा वळणावर गाडी घालताना होतो तसा होई.

"तो सगळ्या गावाला ऐकू जायचा," ते म्हणाले. "हा ऐकायचा तर जवळ यावं लागतं."

आणि ते आले. ओट्यापर्यंत. खिडकीतून उतरतं ऊन भांड्यांवर पडलं होतं, आणि भांडी आपल्याआपण उजळल्यासारखी दिसत होती. मग सासूबाई चहाला आल्या आणि मुकाट्याने परत गेल्या.

त्यानंतर वहिनी लिहू लागल्या. सगळं नाही, भाऊजींची एक, त्यांची एक. त्यांच्या गोष्टी आखूड असत आणि त्यांत फारसं काही घडत नसे. एका गोष्टीत ढग एका गल्लीत राहायला येतो आणि शेजाऱ्यांना त्याची सवय होते, एवढंच. भाऊजी म्हणत, ह्यात गोष्ट कुठे आहे? वहिनी म्हणत, सवय होते ना, ती. यावरून एका भागात दोघांचं चांगलंच जुंपलं आणि तो भाग लोकांना फार आवडला. गोष्टी लिहिणारी इतरही माणसं आपापलं लिहिलेलं पाठवू लागली. वहिनी ती आधी मोठ्याने वाचून पाहायच्या; जिथे जीभ अडखळेल तिथे लिहिणाऱ्याने काहीतरी लपवलंय, असं त्यांचं निदान असे, आणि ते बहुतेक बरोबर निघे.

मग भाऊजींनी एका डोंगराची गोष्ट लिहिली. हा डोंगर युगानुयुगं बोललेला नसतो. पायथ्याशी एक पोरसवदा वाट राहते, ती त्याला रोज काहीबाही विचारते, वर येऊ का, वर काय आहे, तू ऐकतोस का. सगळ्या गोष्टीत डोंगराला शेवटी एकच शब्द: "हो." वाटेचं बोलणं वहिनींचं. डोंगरासाठी भाऊजींनी स्वतःचा आवाज लावून पाहिला. तो डोंगर वॉरंटीबद्दल बोलतोय असं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, घरात एक डोंगर आहे, त्याला विचारा.

दादा आधी नको म्हणाले. मग एका रविवारी गोधड्यांच्या फटीत येऊन बसले, गुडघे पोटाशी घेऊन, गणवेश नसताना जरा अवघडल्यासारखे. त्यांना तिथला अंधार आणि शांतता नवीन होती. ते इकडेतिकडे बघत होते, कपाटातल्या शर्टांकडे, वहिनींच्या हातातल्या कागदाकडे, आणि मग त्यांचा श्वास हळूहळू खाली बसला. वहिनी वाटेचं बोलणं बोलत गेल्या. वाट मोठी होत गेली, वर चढत गेली, विचारत गेली. खोली उंच झाली, हवा विरळ झाली. भाऊजींनी खूण केली.

दादा बोलले नाहीत. भाऊजींनी पुन्हा खूण केली. दादांनी हात वर करून यंत्र थांबवायला लावलं.

"हा 'हो' तिच्या कुठल्या प्रश्नाला आहे?" त्यांनी विचारलं. "शेवटच्या, की पहिल्या?"

भाऊजींनी कागद उलटून पाहिला. तिथे लिहिलेलं नव्हतं. वहिनी दादांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्हाला वाटेल त्याला म्हणा, आणि गोधडी पुन्हा नीट ओढून घेतली.